उन्हानं रापलेला चेहरा आणि केमिकल पील: केबिनबाहेर विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी केबिनबाहेरच्या टेबलावर बसते. केसपेपर काढायचे, पीलच्या आधीचे फोटो घ्यायचे, पील झाल्यावर घरी काय करायचं ते समजावायचं, ही माझी कामं. आत डॉक्टरांसमोर मान डोलावून आलेली माणसं बाहेर येऊन हळूच विचारतात, "ताई, पण नक्की काय करणारेत ओ?" तेच प्रश्न इथं लिहून काढलेत. उत्तरांमधलं वैद्यकीय सगळं डॉक्टरांनी वाचून दुरुस्त केलंय. तिरकस बोलणं तेवढं माझं.

पील म्हणजे चेहरा सोलतात का?

हरभऱ्याच्या रानात दव असताना भाजी खुडली असेल तर बोटं चुरचुरलेली आठवत असतील. ती आंब. हरभऱ्याच्या पानांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सुटतं. पूर्वी रात्री पिकावर धुतलेलं फडकं पसरून ही आंब टिपून घ्यायचे आणि पोटदुखीला ठेवायचे. दिवसभर खुडलं की बोटांची टोकं चरचरतात, मग दोन-चार दिवसांनी तिथली कातडी निघते. आम्ल कातडीला लागल्यावर काय होतं, हे आपल्याकडच्या बायांना शिकवावं लागत नाही.

पीलमध्ये तेच मोजूनमापून करतात. आम्ल कोणतं, किती टक्क्यांचं, किती मिनिटं, हे ठरलेलं असतं. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, आम्ल तो चिकटपणा सैल करतं. मग त्या पेशी, आणि त्यांच्यात साठलेला रंग, पापुद्र्यानं गळून पडतात. कातडी हे काम स्वतःही करतेच, साधारण महिनाभरात वरचा थर नवा होतो. पील त्याला घाई करतं. सोलणं म्हणाल तर कांद्याचं वरचं वाळलेलं टरफल काढण्याइतकंच. निदान आपल्याकडे जे पील करतात ते तरी एवढंच.

प्रकार नवा नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १८८२ मध्येच सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल, ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल कातडीवर काय करतात ते लिहून ठेवलं होतं.

ग्लायकोलिक पील उसापासून बनतं म्हणे?

ग्लायकोलिक आम्ल उसात असतं हे खरं. लॅक्टिक दह्यातलं, टार्टारिक चिंच-द्राक्षातलं, मँडेलिक कडू बदामातलं. जाहिरातवाले याच्यावर फार जोर देतात. बाटलीत येतं ते मात्र बहुतेक कारखान्यात रसायनांपासून तयार केलेलं असतं, आणि त्यानं काही बिघडत नाही. उसातनं काढलं म्हणून ७० टक्क्यांचं आम्ल कमी भाजत नाही.

उन्हानं कातडीचं नेमकं काय होतं? रापणं तर पावसाळ्यात आपोआप उतरतं की.

रापणं उतरतं, बरोबर. ऊन लागलं की कातडी बचावासाठी जास्त रंग तयार करते. ऊन कमी झालं की दोन-तीन महिन्यांत बराचसा रंग फिका पडतो. एवढंच असेल तर पीलची गरजच नाही, सावली पुरते.

पण वीस-पंचवीस वर्षं एप्रिल-मेचं चाळिशीपारचं ऊन अंगावर घेतलं की गोष्ट रापण्यापुरती राहत नाही. गालाच्या हाडावर, कपाळावर ठिपके कायमचे बसतात. आतल्या थरातले लवचीक धागे नासतात आणि त्यांचा गुंता होतो, म्हणून कातडी जाड, पिवळट, राठ होते. रानात जन्म काढलेल्या आजोबांची मान पाठीमागून बघा. आडव्या-उभ्या खोल रेघांनी चौकटी पडलेल्या असतात, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा. ते म्हातारपण नाही, ऊन आहे. खात्री करायची तर त्याच आजोबांची बंडीखालची पाठ बघा, कातडी मऊ असते.

आणि ऊन फक्त रानातच लागतं असं नाही. खिडकीच्या काचेतून होरपळवणारे किरण अडतात, पण रंग काळवंडवणारे आणि कातडी आतून नासवणारे किरण येतातच. एसटीच्या चालकांचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा गडद असतो. मला केसपेपर काढताना हा खेळ लागलाय, गाल बघून ओळखायचं माणूस गाडीच्या कुठल्या बाजूला बसतो.

माझा चेहरा उन्हानंच काळा पडलाय, हे नक्की कशावरून?

हा प्रश्न खरं तर कुणी विचारत नाही. सगळे ठरवूनच येतात की ऊन आहे. पण निम्मी गडबड इथंच होते, म्हणून मीच मांडतेय.

पहिला संशयित, गाजर गवत. काँग्रेस म्हणा. बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला आपल्याकडे याला तोटा नाही. त्याचे बारीक कण हवेतून उडतात आणि काहींच्या कातडीला त्याची अॅलर्जी होते. चेहरा, मान, कोपराची खोबण, पापण्यासुद्धा, आधी खाजतात, मग जाड आणि काळ्या होतात. उन्हात वाढतं, म्हणून माणूस उन्हाला दोष देतो. खूण एकच, खाज. उन्हानं रापलेली कातडी अशी सतत खाजत नाही. अशा चेहऱ्यावर पील म्हणजे आगीत तेल.

दुसरा, मानेच्या मागं आणि काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा. घासून घासून निघत नाही म्हणून लोक मळ समजतात. त्याचा उन्हाशी संबंध नाही. बहुतेक वेळा वजन आणि शरीरात इन्शुलिन नीट काम न करणं यामुळं ते होतं. डॉक्टर पीलऐवजी साखर तपासायला सांगतात, तेव्हा लोक रागावतात. रागावू नका, तपासा.

तिसरा, वांग. दोन्ही गालांवर, नाकावर, वरच्या ओठावर नकाशासारखे तपकिरी पट्टे. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर येतात, उन्हानं भडकतात. पीलचा यात उपयोग आहे, पण तो जोडीला. मुख्य इलाज लावायची औषधं आणि ऊन टाळणं.

चौथा, दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर फुलपाखरासारखी लाली, त्यासोबत सांधे दुखणं, केस गळणं, तोंड येणं. इथं थेट डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या. पीलचं नावही काढायचं नाही.

पाचवा संशयित म्हणजे मेडिकलमधून आणलेली ट्यूब. तिच्यावर वेगळं लिहिते, कारण ती सगळ्यात जास्त चेहरे खाते.

मेडिकलवाल्यानं दिलेल्या ट्यूबनं आधी छान फरक पडला होता. आता सोडली की चेहरा लाल होतो. पील करून टाकू का?

थांबा. ती ट्यूब बघू आधी.

दर आठवड्याला कुणीतरी पर्समधून अर्धी पिळलेली, शेपटाकडून गुंडाळत आणलेली ट्यूब काढतं. मागच्या बाजूला तीन नावं असतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिली दोन रंग कमी करतात. तिसरं स्टेरॉइड. हे मिश्रण वांगासाठी डॉक्टर देतात, पण ठरावीक आठवड्यांपुरतं. लोक ते कोल्ड क्रीमसारखं वर्षानुवर्षं लावतात, वर शेजारणीलाही देतात. कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, पुरळ येतं, आणि दोन मिनिटं उन्हात गेलं तरी आग होते. बंद केली की चेहरा आणखी पेटतो, म्हणून पुन्हा लावायची. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. चिठ्ठी कोण विचारतं, ते तुम्हीच सांगा.

अशा पातळ झालेल्या कातडीवर आम्ल अपेक्षेपेक्षा खोल उतरतं. आधी डॉक्टर ती ट्यूब हळूहळू सोडवतात, त्यात काही महिने जातात. पील नंतर, लागलंच तर. कृपा करून ट्यूब लपवू नका. "काहीच लावत नाही" म्हणणाऱ्यांचीच पीलनंतर धावपळ होते.

पीलनं उन्हाचं काय काय जातं आणि काय जात नाही?

वरवरचा काळवंडलेपणा, राठपणा, बारीक ठिपके, फिकट डाग यात चांगला फरक पडतो. कातडी हाताला गुळगुळीत लागते, हे तर पहिल्या-दुसऱ्या सिटिंगलाच कळतं. बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात. वांग फिकं पडतं, पण ऊन लागलं की परत येतं.

खोल सुरकुत्या, मानेवरच्या त्या चौकटी, निळसर-राखाडी झाक असलेला खोलातला रंग हे हलक्या पीलनं जात नाही. डोळ्याखालची काळी वर्तुळंही बहुतेकांची उन्हाची नसतात, तिथं आशा कमीच ठेवा.

आणि एखादी जखम महिनोन्महिने भरत नसेल, खपली निघून रक्त येत असेल, तिळाचा आकार-रंग बदलत असेल, तर तो पीलचा विषयच नाही, तुकडा काढून तपासायचा विषय आहे. आपल्या रंगाच्या कातडीत उन्हानं होणारा कर्करोग कमी आढळतो, म्हणून दुर्लक्षही जास्त होतं.

गोरी होईन का?

नाही. दंडाचा आतला भाग, ब्लाऊजच्या बाहीखालचा, बघा. तो तुमचा रंग. पील फार तर चेहरा त्या रंगाच्या जवळ नेतं, त्याच्या पलीकडं नाही. नेतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठून या.

आपल्या रंगाला पील झेपतं का? पाहुण्यांत एकीचा चेहरा पीलनंतर आणखी काळा झाला.

झेपतं, पण हलकं. आणि पाहुणीचं जे झालं तीच आपल्या रंगाची खरी जोखीम आहे.

कातडीचे सहा प्रकार फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडले, त्याची सुरुवात १९७५ ची. पहिला प्रकार म्हणजे उन्हात कधीच न रापणारा, नुसता भाजणारा गोरापान माणूस. सहावा म्हणजे गडद काळा. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात. आपल्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी फार तडकाफडकीच्या आहेत. डास चावला तरी महिनाभर काळा डाग राहतो, पोळी भाजताना तव्याचा चटका बसला तर वर्षभर राहतो. मग आम्लानं भाजलं तर? पीलनंतर आग, सूज जास्त झाली, कुणी पापुद्रे ओढले, किंवा लगेच ऊन लागलं, की तिथं नव्यानं काळेपणा उमटतो. डाग घालवायला गेलो आणि डाग घेऊन आलो, असं ते होतं.

म्हणून पीलची खोली महत्त्वाची. वरवरचं पील वरच्या थरापुरतं राहतं आणि अनुभवी हातात आपल्या रंगाला सुरक्षित आहे. मध्यम खोलीचं, म्हणजे ३५ टक्क्यांचं ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल वगैरे, आपल्याकडे फार जपून आणि बहुधा पूर्ण चेहऱ्याला न करता वापरतात. खोल फिनॉल पील गोऱ्या लोकांच्या सुरकुत्यांसाठीचं. फिनॉल रक्तात शिरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून ते करताना ईसीजी लावून बसावं लागतं. आपल्या रंगावर त्यानं कायमचे पांढरे पट्टे पडायची भीती. ते आपल्यासाठी नाहीच.

परदेशातले आधीचे-नंतरचे फोटो बघून येता ना, ते बरेचदा या खोल पीलचे असतात.

मग आमच्यासाठी कोणतं?

ते डॉक्टर चेहरा बघून ठरवतात, मी फक्त ढोबळ सांगते. कातडी कोरडी आणि हळवी असेल तर लॅक्टिक किंवा मँडेलिक, ही सावकाश आत जातात. रापलेपण आणि वांगासाठी ग्लायकोलिक, सुरुवात २०-३० टक्क्यांपासून आणि मग सिटिंगगणिक वाढवत. तेलकट, मुरुमांची कातडी असेल तर सॅलिसिलिक २०-३० टक्के. यलो पील नावाचंही एक असतं, ते लावून घरी पाठवतात आणि काही तासांनी घरीच धुवायचं असतं. पहिल्याच सिटिंगला "डायरेक्ट ७० टक्के मारू" म्हणणारा भेटला तर चप्पल घालून निघा.

पीलच्या आधी काही तयारी लागते का, की आज आलो आणि आज करून गेलो?

आज आलो, आज करून गेलो, असं होत नाही. यावरून लोक सगळ्यात जास्त वैतागतात, विशेषतः अहमदपूर-उदगीरहून एसटीनं आलेले. पण आधी दोन ते चार आठवडे सनस्क्रीन आणि रात्रीची एखादी क्रीम लावायला देतात. त्यानं रंग तयार करणाऱ्या पेशी शांत होतात आणि आम्ल सगळीकडं सारखं उतरतं. अजून एक छुपा फायदा आहे. ज्यांना चार आठवडे सनस्क्रीन लावायला जमत नाही, त्यांना पीलनंतरही जमणार नाही, हे त्या चार आठवड्यांत कळतं. आमचे डॉक्टर अशांना पील करत नाहीत.

पीलच्या आधी आठवडाभर ब्लीच, थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल काही नको. रात्रीची ट्रेटिनॉइन क्रीम काही दिवस आधी थांबवतात, किती ते विचारून घ्या. ओठावर 'जर', म्हणजे विषाणूमुळं येणारे पाण्याचे बारीक फोड, उठायची सवय असेल तर सांगाच. त्या विषाणूला पीलनं जाग येते आणि ते चेहराभर पसरू शकतं. आधी गोळ्या दिल्या की टळतं.

आत नेल्यावर काय करतात? दुखतं का?

चेहरा धुतात, मग स्पिरिटसारख्या द्रावणानं तेलकटपणा पुसतात. डोळ्याचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा, ओठ यांना व्हॅसलिन लावतात, कारण तिथं आम्ल साचून जास्त भाजतं. डोळ्यांवर ओला कापूस. मग ब्रशनं किंवा गॉजनं कपाळापासून सुरुवात.

पहिल्या अर्ध्या मिनिटात चुरचुर, मग मुंग्या, मग आग. मिरच्या कुटल्यावर हात चुकून गालाला लागावा तशी. मी हातात छोटा पंखा घेऊन बाजूला उभी असते आणि डॉक्टर घड्याळाकडं कमी, चेहऱ्याकडं जास्त बघतात. ग्लायकोलिकमध्ये कातडी सारखी गुलाबी झाली की थांबायचं, एखादी जागा लवकर लाल झाली तर तिथं आधी. सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारतात, तेव्हा क्षणभर जास्तच चरचरतं, आणि मग गार पाणी. सॅलिसिलिकमध्ये चेहऱ्यावर मिठासारखी पांढरी पूड जमते. बघून घाबरू नका, ते औषधच सुकलेलं असतं. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम.

सहन होत नसेल तर बोला. शूरपणाचे गुण नाहीत. एक बाई ओठ घट्ट मिटून पडून राहिली आणि नंतर म्हणाली, "पैसे दिलेत ना, पुरं लागू दे म्हटलं." जास्त वेळ लागलं म्हणजे जास्त फायदा, असं यात नसतं.

घरी गेल्यावर पहिला आठवडा कसा जातो?

पहिल्या दिवशी चेहरा ताणल्यासारखा, जरा लाल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी काळपट आणि कोरडी दिसते, भाजलेल्या पापडासारखी. याच दिवशी फोन येतात, "ताई, चेहरा काळा पडला!" पडू द्या, ती निघायची तयारी आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसात तोंडाच्या आजूबाजूनं पापुद्रे सुटतात. ग्लायकोलिकमध्ये काहींचं काहीच सुटताना दिसत नाही. त्याचा अर्थ पील वाया गेलं असा नाही.

पापुद्रा ओढायचा नाही. लोंबत असेल तर नखं कापायच्या कात्रीनं कडेनं कापा. साधं पाणी, सौम्य फेसवॉश, दिवसातून तीन-चार वेळा मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. वाफ नाही, स्क्रब नाही, हळद नाही, मुलतानी माती नाही. दोन-तीन दिवस चुलीसमोर किंवा भट्टीजवळ बसणं टाळा, गरम झळही कातडी भडकवते. पुरुषांनी त्या दिवशी आणि पापुद्रे निघेपर्यंत वस्तरा लावू नये.

कशावरून समजायचं की काहीतरी बिघडलंय?

आग दुसऱ्या दिवशी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. फोड आले. पिवळी खपली धरली, पू दिसला. ओठाजवळ पाण्याचे बारीक फोड घोळक्यानं आले. डोळा लाल झाला. कानात आवाज, चक्कर, मळमळ. ही शेवटची सॅलिसिलिक फार मोठ्या भागावर लावल्यानं होऊ शकतात, म्हणून चेहरा, पाठ, हात एकाच दिवशी नको. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर गार पाणी आणि साधं व्हॅसलिन, बाकी टूथपेस्टपासून तुळशीच्या रसापर्यंत काहीच लावू नका.

दोन-तीन आठवड्यांनी नवा काळा डाग उमटला तरीही या. लवकर इलाज केला तर बहुतेक वेळा तो काही महिन्यांत जातो.

वर्षातला कोणता महिना बरा?

दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंत. ऊन कोवळं, घाम कमी. पण त्यात एक खाच आहे, येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं येळवसेला कुणी घरात बसत नाही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत रानात, भज्जी-आंबील खात, झोके खेळत. एकीनं येळवसेच्या चार दिवस आधी पील केलं. मी सांगितलं होतं. ती म्हणाली, झाडाखालीच बसेन. झाडाखाली कोण बसतं? पुढचे तीन महिने ती कपाळावरच्या पट्ट्याचा इलाज करत होती. तेव्हा येळवस होऊ द्या, मग या, किंवा निदान तीन आठवडे आधी उरका. रंगपंचमीचंही तेच, सोललेल्या कातडीवर बाजारातला रंग नको.

मार्च ते जून आमच्याकडं नवीन पील सुरूच करत नाहीत, घरात बसून काम असणारे काही अपवाद सोडून. पावसाळ्यात करता येतं, पण आभाळ आलंय म्हणून सनस्क्रीन सोडू नका. ढगातून किरण बरेचसे खाली येतातच.

लग्न आठ दिवसांवर आलंय.

मग लग्न करा. पील नको. हळदीच्या दिवशी पापुद्रे निघत असतील आणि त्यावर हळद चोळली जाईल. लग्नाआधी करायचं असेल तर चार-पाच महिने आधी सुरुवात आणि शेवटची सिटिंग लग्नाच्या किमान तीन-चार आठवडे आधी.

सनस्क्रीन लावतेच की मी. तरी फरक नाही.

किती लावता? बहुतेकजणी हरभऱ्याच्या दाण्याएवढी घेतात आणि चेहराभर पसरवतात. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ ओढून होईल तेवढी लागते. एसपीएफ ३० किंवा ५०, घराबाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, आणि उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर थोडी रंग असलेली, आयर्न ऑक्साइडवाली घ्या. वांग नुसत्या उजेडानंही वाढतं आणि साधी सनस्क्रीन तो अडवत नाही.

कापड याहून स्वस्त आणि खात्रीचं. स्कूटीवर सनकोट आणि स्टोल घेताच ना, तो घट्ट विणीचा असू द्या. उजेडाकडं धरला आणि पलीकडचं दिसलं, तर ऊनही आत येणार.

पार्लरमध्ये स्वस्तात होतं. ऑनलाइन बाटलीही मिळते.

पार्लरमध्ये सौम्य फ्रूट पील, फेशियल होतं त्याला माझी हरकत नाही. तिथं कधी कधी डॉक्टरी ताकदीचं आम्ल बिनलेबलच्या बाटलीतून वापरतात, भीती त्याची. चेहरा भाजला तर पुढं काय करायचं हे त्यांना माहीत नसतं, आणि चिठ्ठी लिहायचा अधिकार तर नसतोच. ऑनलाइन बाटल्यांबद्दल जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इशाराच दिला की जास्त ताकदीची पील तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय घेऊ-वापरू नका, गंभीर भाजण्याचे प्रकार होतात. डॉक्टर निवडताना त्वचारोगातली पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर शोधा. नसेल तर विचारा, विचारण्यात लाज नाही.

घरगुती म्हणाल तर दोन गोष्टींना हात जोडते. लिंबू लावून उन्हात जाणं, एक. लिंबाच्या सालीतल्या रसायनावर ऊन पडलं की कातडी भाजते, फोड येतात आणि महिनोन्महिने काळे डाग राहतात. दुसरा बिब्बा. पायातल्या काट्याला बिब्बा घालणाऱ्या आजीचा हात वांगाकडं वळला की काय होतं, ते मी एकदा पाहिलंय. गालावर रुपयाएवढी जखम होती.

कुणी पील करूच नये?

चेहऱ्यावर उघडी जखम, संसर्ग, चालू अॅलर्जी असलेल्यांनी नाही. गरोदर बायांना सॅलिसिलिक, ट्रायक्लोरोअॅसेटिक आणि यलो पील नको. लॅक्टिक चालतं म्हणतात, पण बाळंतपणानंतर वांग आपोआप फिकं पडायची शक्यता असते, मग घाई कशाला? कोड किंवा सोरायसिस वाढत्या अवस्थेत असेल तर सांगा, कातडी दुखावली तिथं नवा चट्टा येऊ शकतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर हलकं पील चालतं, खोल नाही, हे डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून चालू औषधांची पाकिटंच घेऊन या. मधुमेह आहे म्हणून पील बंद, असं नाही, पण साखर आटोक्यात हवी.

किती सिटिंग? किती पैसे?

दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं चार ते सहा सिटिंग साधारण लागतात. दर आधीच विचारा, आणि एका सिटिंगचा नाही, क्रीम आणि सनस्क्रीन धरून सगळा मिळून. पॅकेजचे पैसे एकदम भरू नका. पहिल्या दोनमध्ये कातडी कशी वागते ते बघू द्या. लातूर, अंबाजोगाई, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि संभाजीनगरची घाटी इथं त्वचारोग विभाग आहेत. रोगाचं निदान तरी तिथं नक्की करून घेता येतं, आणि वर लिहिलंय तसं, निम्मं काम निदानाचंच आहे.

मी ऊसतोडीला जाते. मला पील करता येईल का?

दसऱ्याच्या आधी एक बाई आली होती, बीड जिल्ह्यातली, लातूरला बहिणीकडं. ग्लायकोलिक उसातलं असतं हे तिनं बाहेरच्या बोर्डावर वाचलं आणि म्हणाली, "मग आमाला रोजच लागतंय की." हसलो आम्ही दोघी. डॉक्टरांनी तिला पील केलं नाही. चार-पाच महिने फडात, कोपीत राहायचं, उन्हात, धुळीत, पाचट तोंडाला कापत असताना. नव्या कातडीला ते सोसणार नाही, आणि डाग दुप्पट होऊन येतील. तिला झिंक ऑक्साइडची सनस्क्रीन, रात्रीला एक साधी क्रीम आणि सुती कापडानं कपाळापासून हनुवटीपर्यंत बांधायची पद्धत, एवढं दिलं. पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये ऊसतोडीचा हंगाम संपला की, परत ये म्हटलं, तेव्हा ठरवू.

तिनं चिठ्ठीची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "ताई, हे तेलकट हाय. हाताला राहिलं तर कोयता निसटंल का?"

निसटू शकतो. म्हणून मागच्या हातानं, म्हणजे बोटांच्या पाठीनं लावायचं, आणि कोयता धरायच्या आधी तळवे साबणानं नाहीतर कोरड्या मातीनं चोळून घ्यायचे. हे कुठल्या सूचनापत्रकात नव्हतं. आता आमच्यात आहे.